नाव लागायचं राहिलंय

वारसाच्या कामाला उशीर झाला की आपण पहिलं बोट तलाठ्याकडे दाखवतो. दाखवायला जागा असते, नाही असं नाही. पण शिरूर तालुक्यातल्या निमोण्यात एका घराच्या पडवीत जे बोलणं ऐकलं, त्यात तलाठी बराच उशिरा आला. त्याच्या आधी आल्या दोन आत्या, एक विहीर, विकास सोसायटीचं थकलेलं पीककर्ज आणि सातबाऱ्यावर एका नावामागे लिहिलेलं 'ए.कु.मॅ.'

बोलणारे दोघे. एक नाना, सत्तरीच्या अलीकडचे, चाळीस वर्षं तीच जमीन कसणारे. दुसरी त्यांची पुतणी, थोरल्या भावाची मुलगी. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत हिशेब बघते. नावं नकोत, नाती पुरेत. नानांचे वडील १९९९ साली गेले. मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. तेव्हाच्या रिवाजानं थोरल्या मुलाचं एकट्याचं नाव लागलं, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजेच ए.कु.मॅ., म्हणून. थोरला पुण्यात नोकरीला, धाकटा शेतात, कागदावर मात्र थोरलाच. कुणाचं काही अडलं नाही. आजी २०११ साली गेली, तेव्हाही कागदाला कुणी हात लावला नाही. २०२३ साली थोरला गेला आणि अडायला लागलं.

पुतणी : नाना, जिवंत सातबाऱ्याच्या वेळी चावडीवर मयत खातेदारांची यादी वाचली, तीत बाबांचं नाव होतं. भाऊसाहेबांनी विचारलं तर तुम्ही म्हणालात, 'थांबा जरा, घरात बोलून सांगतो.' घरात कुणाशी बोललात?

नाना : कुणाशीच न्हाई. खोटं कशाला सांगू.

पुतणी : मग थांबवलंत कशासाठी?

नाना : कांदा काढायचा व्हता. कांदा चाळीत गेला तवर मोहीम सरली.

नाना हे हसत म्हणाले, पण त्यांनाही ते पटलेलं नव्हतं. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेली ही मोहीम महसूल खात्यानं १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर नेली, १० मेपर्यंत चालवली. मेलेल्या माणसाचं नाव सातबाऱ्यावरून उतरवून वारसांची नावं लावायची, एवढंच काम. कागदही मोजकेच: मृत्यूचा दाखला, वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखला, वारसांची नावं, वयं, पत्ते. एरवी माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवतो. इथे कचेरी चावडीवर येऊन नावं पुकारत होती. आणि घरचा कर्ता म्हणाला, थांबा. असं किती घरांत झालं असेल, त्याची मोजदाद कुठल्याच रजिस्टरात सापडायची नाही.

नाना : तुला वाटतं नाव लागलं की काम झालं. मला वाटतं नाव लागलं की काम सुरू झालं. आज नाव, उद्या वाटप, परवा मोजणी, आन् मग बांधावर चार माणसं हातात दोऱ्या घेऊन उभी. ऊस हाय त्यात. विहीर एकच हाय. पाइपलाइन म्या टाकली. तिचे चार तुकडे कसे करणार?

पुतणी : वारस नोंद म्हणजे वाटप नव्हे, नाना. नोंदीनं कुणाला तुकडा तोडून मिळत नाही. खातं सामाईकच राहतं, फक्त त्यात कोण कोण आहे ते लिहिलं जातं.

नाना : हे कंपनीत शिकवतात व्हय?

पुतणी : तहसिलीतल्या बाकड्यावर शिकवतात.

तिचं म्हणणं कायद्याला धरून आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या १४९व्या कलमाप्रमाणे वारसानं तीन महिन्यांच्या आत गावच्या तलाठ्याला, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, कळवायचं असतं. १५०व्या कलमाप्रमाणे त्याची नोंद गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या वहीत होते. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण तक्रारीच्या वहीत जातं आणि तिथून पुढच्या तारखा सुरू होतात. अर्ज आता ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. वाद नसलेलं काम महिन्या-दीड महिन्याचं. आणि फेरफारानं मालकी जन्मतही नाही, मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं अनेक निकालांत सांगून ठेवलंय. सातबारा हा मुळात सारा कुणाकडून घ्यायचा ते सांगणारा कागद. त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच.

नानांना यातलं बरंचसं माहीत होतं. त्यांची भीती वेगळ्या जागेची होती.

नाना : नोंद साधी हाय, कबूल. पर साध्या नोंदीवर एकानं हरकत घेतली की ती साधी राहत न्हाई. आमच्या बापानं बांधाचा दावा घोडनदीच्या कोर्टात अठरा वर्षं चालवला. हातभर बांध. निकाल लागला तवा बांध कुठला आन् ओढा कुठला ते सांगायला साक्षीदार उरला न्हाई. तू टिळकांचं ताई महाराज प्रकरण वाचलंस का?

पुतणी : शाळेत नाव ऐकलंय.

नाना : नाव ऐकून काय उपेग. वाच.

अकरावी मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या नानांनी मग ते प्रकरण सांगितलं, आणि मी कबूल केलं पाहिजे की तारखांसकट सांगितलं. पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित ७ ऑगस्ट १८९७ रोजी पटकीनं गेले. मृत्युपत्र झालं तेही त्याच दिवशी. विश्वस्तांमध्ये एक नाव टिळकांचं, आणि टिळक तर राजद्रोहाच्या खटल्यात जेमतेम जामिनावर सुटून आलेले. विधवा ताई महाराज कोवळ्या वयाच्या. मागाहून झालेला मुलगा जगला नाही. मग १९०१ साली औरंगाबादला जगन्नाथाला दत्तक घेतलं. ताई महाराजांनी ते नाकारून दुसरा मुलगा दत्तक घेतला. पुढे टिळकांवर खोट्या साक्षीचा फौजदारी खटला, शिक्षा, १९०४ साली उच्च न्यायालयातून सुटका. दिवाणी दावा पुण्यात जिंकला, मुंबईत हरला आणि लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात १९१५ साली जिंकला. मधल्या काळात ताई महाराज गेल्या, टिळक सहा वर्षं मंडालेला राहून आले, आणि ज्या पोराच्या इस्टेटीसाठी हे चाललं होतं ते मिशी फुटायच्या वयाला आलं.

नाना : टिळकांसारखा माणूस. कायद्याचा अभ्यास झालेला. त्याला अठरा वर्षं. आन् तू मला महिना सांगतीस.

पुतणी : त्यात चूक कोर्टाची नव्हती, नाना. बाबा महाराजांनी मरायच्या दिवशी मृत्युपत्र केलं. चार महिने आधी, सगळ्यांना समोर बसवून केलं असतं तर?

नाना : तरी बी भांडले असते.

पुतणी : असतील. पण कशावर भांडायचं ते तरी नक्की असतं.

इथे मी पुतणीच्या बाजूला थोडा सरकलो. ताई महाराज प्रकरण आपण टिळकांच्या चिकाटीसाठी सांगतो. त्यातली इस्टेट बाजूला काढून पाहिली तर घोळाचं मूळ साधं दिसतं: कोणाला काय द्यायचं ते मरणाऱ्यानं शेवटच्या दिवसापर्यंत तोंडातच ठेवलं. नानांनी जाता जाता आणखी एक पुडी सोडली, की पुण्याचं नाव गिनीज बुकातही याच कामासाठी लागलंय. ते खरं आहे. मालोजी थोरातांनी १२०५ साली लावलेल्या मानपानाच्या दाव्याचा निकाल २८ एप्रिल १९६६ रोजी बाळासाहेब पाटलोजी थोरातांच्या बाजूनं लागला, ७६१ वर्षांनी, अशी ती नोंद. १२०५ साली पुण्यात हा दावा नेमक्या कुठल्या न्यायाधीशापुढे उभा राहिला, हे विचारायच्या भानगडीत गिनीजवाले पडलेले दिसत नाहीत. पण गोष्ट गावोगाव चालते, कारण आपल्याला ती पटते.

पुतणी : बरं, आता माझं ऐका. उशिरानं तुमचं काय बिघडलं?

नाना : काय बी न्हाई. जमीन कुठं चाललीय?

पुतणी : मग सोसायटीचं कर्ज नवंजुनं का झालं नाही?

नाना : (जरा थांबून) कर्ज तुझ्या बापाच्या नावावर व्हतं.

पुतणी : पीकविमा?

नाना : त्याला तो शेतकरी नंबर लागतो म्हणं.

पुतणी : मग काढा की नंबर.

नाना : काढतो कशावर? सातबाऱ्यावर माझं नाव पाहिजे ना.

पुतणी : चाळीस वर्षं तुम्ही नांगर धरला, आणि सरकारच्या लेखी तुम्ही शेतकरीच नाही. पीएम किसानचे पैसे बाबांच्या नावानं यायचे, ते गेल्यावर बंद झाले. तुमचा अर्ज घालायचा तर १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेल्या जमिनीला ते चालत नाही. चालतं फक्त खातेदार मरून वारसानं जमीन आली असेल तर. म्हणजे तिथेही पुन्हा वारस नोंदच. अतिवृष्टी झाली, पंचनामा झाला, तर मदत कुणाच्या खात्यात जाणार? न्हावऱ्याच्या कारखान्याचा आजोबांचा शेअर अजून आजोबांच्याच नावावर आहे. यातलं माझं एक तरी अडलंय का?

नानांनी उत्तर दिलं नाही. आतून चहा आला, आणि काकूंनी कपबशी ठेवता ठेवता 'तिचं खरं हाय' एवढं म्हणून टाकलं. या घरात त्यांचं मत फार क्वचित घेतलं जातं, असं मला वाटलं. त्यामुळे ते ऐकू आलं तेव्हा सगळेच जरा सावरून बसले.

जमिनीच्या वारसाबद्दल बोलताना आपण एक गोष्ट विसरतो. उशीर सगळ्यांना सारखा नडत नाही. ज्याच्या हाती ताबा आहे तो वाट बघू शकतो. त्याचा ऊस दरवर्षी तुटतो. ज्याच्या हाती नुसतं नातं आहे, म्हणजे बहीण, विधवा, शहरात गेलेला भाऊ, त्याच्यासाठी गेलेलं वर्ष गेलंच. म्हणून 'घाई कशाला' हे वाक्य कुणाच्या तोंडून येतंय ते आधी बघावं. नानांच्या घरात मात्र ही मांडणी अर्धीच लागू पडत होती. ताबा नानांचा होता, पण कागदावर ते नव्हतेच. दोघांकडेही निम्मंच काही होतं, आणि हे दोघांनाही माहीत होतं, असं पुढच्या बोलण्यावरून दिसलं.

नाना : तुझ्या भावाला हिस्सा विकायचाय. चाकणला फ्लॅट बघितलाय त्यानं. गावात सगळ्यांना ठावं हाय.

पुतणी : बघितलाय. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशनही आहे. मी लपवत नाही.

नाना : मग उद्या कोण आणून बसवंल माझ्या विहिरीवर? रांजणगावच्या कंपन्यांमुळं एजंट गावोगाव फिरत्यात.

पुतणी : विकायला काढला तर बाहेरच्या आधी आईला आणि मला घ्यायचा हक्क आहे. हिंदू वारसा कायद्याचं बाविसावं कलम. शेतजमिनीलाही ते लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलंय.

नाना : आन् घ्यायला तुमच्याकडं पैसा कुठनं येणार?

याला तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिनं ते बनवलंही नाही. हक्क कागदावर असणं आणि तो बजावायला गाठीला काही असणं, यातलं अंतर नाना बरोबर दाखवत होते. मला त्यांची ही बाजू वकिलांच्या लेखांत कधी सापडलेली नाही.

पुढचा विषय दोघांनीही बराच वेळ टाळला होता. आत्या. थोरली काष्टीला दिलेली, धाकटी केडगावला.

पुतणी : आत्यांशी बोललात?

नाना : काय बोलू?

पुतणी : की त्यांची नावं लागणार आहेत.

नाना : गावात काय करत्यात ते तुला म्हाईत हाय. आधी हक्कसोड घेत्यात, मग नोंद करत्यात. निबंधकाच्या हापिसात गाडी भरून बहिणी नेत्यात, अंगठे घेत्यात, येताना साडी. झालं. म्या ते बी केलं न्हाई आन् हे बी केलं न्हाई.

पुतणी : का नाही केलं?

नाना : भाऊबीजेला ओवाळणी टाकायची आन् त्याच ताटात हक्कसोडीचा कागद ठेवायचा, हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.

पुतणी : मग ओवाळणी टाकत राहायची आणि नाव कधीच लावायचं नाही, हे होतं?

नाना : तसं न्हाई गं. ऐक. थोरली सोडंल. तिचं घर भरलेलं हाय. कागद म्होरं केला तर वाचणार बी न्हाई. धाकटीचं तसं न्हाई. तिच्या नवऱ्याचं आजारपण, पोराला काम न्हाई. ती सोडायची न्हाई, आन् तिनं सोडू बी नये. मग काय व्हईल? थोरलीनं सोडलं म्हणून ती देवी, आन् धाकटीनं मागितलं म्हणून ती वाईट. भावकी तेच बोलणार. एका आईच्या दोन लेकी, आन् त्यांच्यात वाईट कोण ते म्या ठरवून द्यायचं? म्हणून थांबलो. तुला वाटतंय म्या जमिनीसाठी थांबलो.

या उत्तराची तयारी पुतणीनं केलेली नव्हती. माझीही नव्हती. लेकींचा वाटा हा विषय निघाला की आपण कायद्याच्या पायऱ्या मोजतो: महाराष्ट्रानं १९९४ साली सुधारणा केली, केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून मुलीला जन्मानं मुलाइतका हक्क दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की त्या तारखेला बाप जिवंत असण्याची गरज नाही. सगळं खरं. या घरात चौघा भावंडांचे चार समान वाटे, यात शंका घ्यायला जागा नाही. पण मागणारी बहीण आणि सोडणारी बहीण अशी तुलना करायची सवय कायद्यानं मोडत नाही, आणि ती तुलना चुकवण्यासाठी नाना सगळ्यांनाच कागदाबाहेर ठेवून बसले होते, स्वतःलासुद्धा. हेतू चांगला. परिणाम असा, की जिला गरज होती तीच जास्त काळ रिकामी राहिली.

पुतणी : हक्क आधी कागदावर येऊ दे, नाना. सोडायचा की ठेवायचा ते त्या नंतर ठरवतील. दोघींनी काहीच केलं नाही तरी चालतं, नाव राहतं. नाव लावणं आणि हक्कसोड एकाच दिवशी करायची काही गरज आहे का?

नाना : लोक तसंच करत्यात.

पुतणी : लोकांना बहिणी कागदावर नको असतात म्हणून.

मग तिनं पिशवीतून एक प्लास्टिकचं पाकीट काढलं. घोडनदीच्या, म्हणजे शिरूरच्या, तहसिलीतल्या अभिलेख कक्षातून आणलेली, नक्कल शिक्का मारलेली फेरफाराची प्रत. १९९९चा फेरफार. तलाठ्याचं जाड, उजवीकडे कललेलं अक्षर. खातेदार मयत, वारस म्हणून पत्नी, मुलगे दोन. आणि 'मुलगे दोन'च्या पुढे, ओळ संपल्यावर वरच्या मोकळ्या जागेत, बारीक अक्षरात खुपसलेलं: 'मुली दोन', आणि दोघींची नावं. त्याखाली शेरा, की पैकी थोरल्याचं नाव ए.कु.मॅ. म्हणून दाखल.

नाना : (चष्मा वर करून) हे आईनं घालायला लावलं व्हतं.

पुतणी : आजीनं?

नाना : तलाठ्यानं आम्हा दोघा भावांची नावं लिहिली आन् अंगठ्याला वही म्होरं केली. म्हातारी म्हणली, पोरींची नावं घाल, मगच अंगठा. तो म्हणला, आजी, जागा न्हाई. म्हणली, वर घाल.

पुतणी : हा कागद आहे म्हणून बरं. नाहीतर काय झालं असतं ते सांगू? सातबाऱ्यावर एकट्या बाबांचं नाव. घोडनदीच्या एका एजंटानं मला सांगितलं, वडिलांचा मृत्यूचा दाखला लावा, तिघांचा अर्ज टाका, आई, भाऊ आणि तुम्ही. चुलत्याला कळेपर्यंत नोंद होऊन जाईल. मग ते प्रांताकडे अपील करत बसतील.

नाना : आन् हे तू आत्ता सांगतीस?

पुतणी : आत्ता सांगतेय कारण मी ते केलं नाही. पण त्याला मला ते सुचवता आलं, ते तुम्ही पंचवीस वर्षं कागद तसाच ठेवलात म्हणून. दुसरी कुणी असती तर?

नानांचा राग ओसरायला वेळ लागला. तो एजंट कोण, हे त्यांनी परत परत विचारलं. तिनं सांगितलं नाही. मला इथे दोघांचंही पटलं आणि दोघांचंही खटकलं. 'थांबा' म्हणणाऱ्या नानांनी स्वतःचीच मान फासात ठेवली होती. आणि 'आजच अर्ज टाका' म्हणणाऱ्या मुलीनं आंधळेपणानं अर्ज टाकला असता, तर मोहिमेच्या आकड्यात एक सातबारा 'जिवंत' झाला असता आणि तीन जिवंत माणसं त्यातून गळाली असती. ए.कु.मॅ. नोंद असेल तिथे ती कमी करून मूळ खातेदाराच्या सगळ्या वारसांची नावं घ्यायची, असा वेगळा अर्ज असतो; ई-हक्कमध्येही त्याची सोय आहे. त्याला हा जुना फेरफार जोडायचा. मग थोरल्याच्या वाट्याला त्याची बायको, मुलगा, मुलगी. क्रम चुकला तर निस्तरायला वर्षं जातात. ज्यांच्या घरी अजून ही तीन अक्षरं आहेत त्यांनी आधी फेरफार काढून वाचावा, मग अर्ज करावा.

थोरल्या घरातही सगळं सरळ नव्हतं, हे पुतणीनंच सांगितलं. वडिलांच्या बँकेतल्या ठेवीला आई नॉमिनी. भाऊ म्हणतो, नॉमिनी म्हणजे मालक, विषय संपला. तिनं त्याला 'कालनिर्णय'कार जयंत साळगावकरांच्या वारसांचा खटला ऐकवला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला, की नॉमिनेशननं वारसा कायदा बाजूला सरत नाही. नॉमिनीनं पैसे घ्यायचे ते वारसांसाठी. ठेव निदान लवकर सुटावी. वाद नसेल आणि कागद पुरे असतील तर बँकेनं मयत खातेदाराचा दावा १५ दिवसांत निकालात काढावा, असा नियम रिझर्व्ह बँकेनं २०२५ साली घातला.

नाना : मग आता वाटप बी करून टाका म्हणशील.

पुतणी : वाटप आज नको. पण कधीतरी लागेल. सगळ्यांचं जमलं तर तहसीलदारांकडे ८५ कलमाखाली करता येतं, नाहीतर वाटणीपत्र करून नोंदवता येतं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी सरकारनं २०२५ साली माफ केलीय. कोर्टात गेलो तर तुमचे टिळक आहेतच. हुकूमनामा झाला तरी शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडायला तो कलेक्टरकडे जातो, तिथून मोजणीकडे. आणि दावा लावायलाही कायम मुदत नसते, नाना. हिस्सा नाकारलाय हे कळल्यापासून बारा वर्षं.

नाना : म्या कुणाला नाकारलंय?

पुतणी : नाही नाकारलंत. म्हणून तर लिहून टाका म्हणतेय.

नानांनी पाकिटातली प्रत पुन्हा बाहेर काढली, 'मुली दोन'वर बोट ठेवलं आणि काकूंना दाखवली. मग फोनचं ठरू लागलं. थोरलीला पुतणीनं सांगायचं, धाकटीला नानांनी. आणि दोघींना एकाच दिवशी, म्हणजे कुणाला आधी कळलं यावरून नवीन काही निघायला नको. पोलीस पाटलांचा दाखला नाना आणणार. अर्ज पुतणी भरणार, पण नानांना वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही. काकू म्हणाल्या, धाकटीला फोनवर नको, केडगावला जाऊन सांगा. नानांनी मान हलवली.

नाना : नाव लागू दे सगळ्यांचं. पर एक सांगून ठेवतो, ऊस तुटल्याबिगर मोजणी व्हायची न्हाई.

पुतणी : दर वर्षी ऊस असतोच, नाना.

नाना : मग दर वर्षी ऊस तुटतो बी की.

पुतणी : त्यावर नोंद झाली की भांडू.